व्हेनिअर कोणतं घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

“डॉक्टर, ई-मॅक्स करू की झिरकोनिया?” पेशंट खुर्चीत टेकायच्या आत हा प्रश्न येतो. दोन्ही व्हेनिअरच्या मटेरिअलची नावं. तोवर मी दात पाहिलेले नसतात, हिरडीतून रक्त येतं का ते बघितलेलं नसतं, वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, म्हणजे बाईट, हेही तपासलेलं नसतं. दाताला काय हवंय हे कळण्याआधीच मटेरिअल ठरलेलं असतं, बहुतेक वेळा एखादा व्हिडिओ बघून.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला पातळ पापुद्रा. तो बसवण्यासाठी घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, मात्र परत येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे. नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात मी जो क्रम पाळते तोच खाली दिला आहे. तुमचे डॉक्टर कोणीही असोत, क्रम हाच ठेवा.

## पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहून काढा

“स्माइल छान करायची आहे” ही तक्रार नव्हे. कागद घ्या, खिडकीजवळ आरशात बघा आणि नेमकं काय खटकतं ते लिहा. दात पिवळे दिसतात? समोरच्या दोन दातांत फट आहे? एक कोपरा तुटलाय? एकच दात काळपट पडलाय? दात लहान वाटतात, की हसताना हिरडीच जास्त दिसते?

यातल्या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, आणि निम्म्या रस्त्यांवर व्हेनिअर लागतच नाही. सगळेच दात पिवळे असतील तर आधी सफाई आणि ब्लिचिंग, म्हणजे औषधाने दात पांढरे करणं. दात वेडेवाकडे असतील तर तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे). हिरडी जास्त दिसत असेल तर हिरडीचा इलाज. रूट कॅनाल झालेला एकच दात काळा पडला असेल, तर त्याच्या आतून ब्लिचिंग करता येतं, आणि ते आधीच करायचं. काळ्या दातावर थेट पातळ व्हेनिअर चढवलं तर खालचा काळेपणा हिरडीच्या कडेला राखाडी छटा होऊन डोकावतो.

तपासा: तुम्ही लिहिलेलं वाक्य डॉक्टरांनी वाचलं का? तपासणी न करता कोणी थेट “आठ दात करून टाकू” म्हणत असेल, तर तिथून उठा.

## पायरी २: कमी कापणारा उपाय आधी

शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे सफाई. मग ब्लिचिंग. मग वरवरचे डाग अगदी हलके घासून काढणं, किंवा पांढऱ्या डागांत पातळ रेझिन (नंतर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) मुरवणं. त्यानंतर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं घट्ट रेझिन), आणि शेवटी सिरॅमिक (चिनी मातीच्या जातीचं मटेरिअल). एका पायरीवर काम भागलं तर वरच्या पायरीवर जाण्याचं कारण नाही.

आमच्याकडे हा मुद्दा फार येतो, कारण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. लहानपणी त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की दात डाग घेऊनच उगवतात, कुणाचे खडूसारखे पांढरे, कुणाचे तपकिरी पट्ट्यांचे. हे डाग पाहून घरचे लगेच व्हेनिअर्सची चौकशी करतात. पण सौम्य डाग हलकं घासून, ब्लिचिंग करून आणि रेझिन मुरवून पुष्कळ फिके होतात. खोल खड्डे पडलेले, तपकिरी झालेले दात असतील तर मात्र व्हेनिअरचा विचार रास्त आहे. अशा वेळी डॉक्टरांना दात फ्लोरोसिसचे, म्हणजे फ्लोराइडने डागाळलेले, आहेत हे आवर्जून सांगा. चिकटवण्याआधी इनॅमल खडबडीत करायला ॲसिड लावतात; अशा इनॅमलवर ते सहजासहजी चढत नाही, त्यामुळे चिकटवण्याची तयारी वेगळी करावी लागते.

सावधान: ब्लिचिंग नेहमी व्हेनिअरच्या आधी. सिरॅमिक असो की कॉम्पोझिट, ब्लिचिंगने त्याचा रंग बदलत नाही. आधी चार दातांना व्हेनिअर्स बसवले आणि नंतर बाकीचे दात पांढरे करून घेतले, तर दोन रंगांचे दात घेऊन हिंडावं लागेल. शिवाय ब्लिचिंग संपल्यावर निदान दोन आठवडे थांबायचं. दातात राहिलेला ऑक्सिजन चिकटवण्याचं रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही, आणि दाताचा रंगही या दिवसांत थोडा खाली येऊन स्थिरावतो.

## पायरी ३: जमीन तयार करा

हिरडी सुजलेली असताना व्हेनिअर करू नये. दोन कारणं आहेत. रक्त किंवा ओल असलेल्या जागी काही नीट चिकटत नाही. आणि सुजलेली हिरडी बरी झाली की खाली बसते, मग आज हिरडीला लागून असलेली व्हेनिअरची कड महिन्याभरात उघडी पडते. सफाई करून घ्या, रोज फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) सुरू करा आणि ब्रश करताना रक्त यायचं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. बहुतेकांना दोन-तीन आठवडे लागतात.

कीड असेल तर आधी भरून घ्या. समोरच्या दातात जुनी मोठी सिमेंटं असतील तर ती बदलायची का, हे याच टप्प्यावर ठरवा.

मिश्री, खर्रा, गुटखा चालू असेल तर मी काम पुढे ढकलते. यात रागावण्याचा भाग नाही. मिश्रीची भुकटी रोज हिरडीवर घासली जाते, हिरडी खाली सरकत राहते, आणि व्हेनिअर व दात यांच्या जोडावर तपकिरी रेघ उमटते. ती रेघ पुसून जात नाही.

वय अठराच्या आत असेल तर हिरडी अजून वर सरकत असते आणि दाताची नसही मोठी असते. अशा मुलांना न कापता लावलेलं कॉम्पोझिट पुरतं. बाकीचं नंतर बघता येतं.

## पायरी ४: बाईट आणि सवयी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते, आणि व्हेनिअर तुटलं की दोष मटेरिअलवर जातो.

घरी आरशासमोर बसा. मागचे दात एकमेकांवर टेकवा आणि ओठ बाजूला करून बघा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या थोडे पुढे आहेत, की कडेवर कड बसते? कडेवर कड बसत असेल तर प्रत्येक घास व्हेनिअरच्या टोकावर आदळणार. आता दात टेकलेले ठेवूनच जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवा. समोरचे दात एकमेकांवर घासतात का?

मग सवयींकडे या. झोपेत दात खाता का? स्वतःला कळत नाही, घरच्यांना विचारा. सकाळी जबडा आंबल्यासारखा वाटतो का, सुळ्यांची टोकं सपाट झालीत का, तेही बघा. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. वरच्या डाव्या पटाशीच्या दाताच्या कडेला बरोबर दोऱ्याच्या जाडीची खाच पडली होती, करवतीने मारावी तशी. वर्षानुवर्षं दोरा तिथेच तोडला होता. त्या खाचेवर जगातलं कोणतंही व्हेनिअर टिकलं नसतं. त्यांनी आधी छोटी कात्री गळ्यात अडकवली, दोन महिने ती सवय लावली, मग आम्ही काम केलं.

ऊस दाताने सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं, सेफ्टी पिन दातात धरणं, पेनाचं टोक चावणं: हे सगळं डॉक्टरांना सांगा. लपवून तुमचंच नुकसान आहे.

तपासा: डॉक्टरांनी रंगीत कागद दातांत धरायला लावून बाईट पाहिला का? दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्डचा (रात्री दातांवर लावायच्या संरक्षक साच्याचा) विषय आताच निघाला का? व्हेनिअर तुटल्यावर नाइट गार्ड करून काय उपयोग?

## पायरी ५: मॉक-अप, दाताला हात न लावता

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. ती नको म्हणणाऱ्या दवाखान्यात मी माझ्या बहिणीलाही पाठवणार नाही.

डॉक्टर दातांचं माप किंवा स्कॅन घेतात. लॅब त्या मॉडेलवर मेणाने किंवा कॉम्प्युटरवर नवे आकार घडवते. त्या आकारांचा सिलिकॉनचा साचा करून त्यात तात्पुरतं रेझिन भरतात आणि तुमच्या न घासलेल्या दातांवर बसवतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. हाच मॉक-अप. नवे दात कसे दिसतील हे तुमच्याच तोंडात दिसतं, आणि आवडले नाहीत तर काढून टाकता येतात.

मॉक-अप तोंडात असताना आरशात एक नजर टाकून “छान” म्हणू नका. पुढच्या गोष्टी करा.

खुर्चीवरून उठा, उभे राहा, खिडकीशी जा. बरोबर घरचं माणूस असेल तर त्याच्याशी पाच मिनिटं साधं बोला आणि त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या. एकसष्ट ते सत्तर आकडे मोठ्याने मोजा: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... यात ‘स’ आणि ‘ष्ट’ सारखे येतात. शिट्टीसारखा आवाज आला किंवा जीभ अडखळली, तर लांबी किंवा जाडी चुकली आहे. मग ‘वावर, विहीर, वडील’ म्हणा. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओलसर भागावर हलकी टेकायला हवी. ओठाच्या बाहेर कोरड्या भागावर येत असेल तर दात लांब झालेत. शेवटी ओठ सैल सोडून आराम करा. वरच्या दातांची थोडी कड दिसते का? तरुण चेहऱ्यात ती दिसते, वयाबरोबर कमी होते. पन्नाशीतल्या माणसाला पंचविशीतली लांबी बहुधा शोभत नाही.

मॉक-अपचा दुसरा फायदा पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. नवा आकार जुन्या दाताच्या थोडा पुढे येणार असेल, तर डॉक्टर मॉक-अपच्या वरूनच खोली मोजून घासू शकतात. मग बरीचशी जाडी मॉक-अपमधूनच जाते आणि दात फार थोडा घासावा लागतो. मॉक-अप न करता अंदाजाने घासलं तर सगळीकडे सरसकट अर्धा मिलिमीटर जातो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे साध्या छपाईच्या कागदाचे पाच ताव. वाटायला क्षुल्लक वाटतं. पण वरच्या समोरच्या दातांचं इनॅमल हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिमी जाड असतं, टोकाकडे साधारण १ मिमी. म्हणजे हिरडीजवळ तीन तावांच्या पुढे गेलात की डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा मऊ थर, लागायला सुरुवात होऊ शकते. इनॅमलला सिरॅमिक घट्ट चिकटतं. डेंटिनला तितकं भरवशाने चिकटत नाही, वर दात थंड-गरम झोंबायला लागतात.

सावधान: कॉम्प्युटरवर तुमच्या फोटोत दाखवलेलं नवं हसू म्हणजे मॉक-अप नव्हे. चित्रात ‘स’ उच्चारता येत नाही.

## पायरी ६: आता मटेरिअल

आता कुठे सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. किती इनॅमल उरणार, बाईट कसा, खालचा दात किती गडद, वय किती, हे हातात आलं.

थेट लावलेलं कॉम्पोझिट. डॉक्टर तुमच्या दातावरच थर लावून आकार घडवतात, बहुतेकदा एकाच बैठकीत. दात घासावा लागत नाही किंवा नावापुरता लागतो. कोपरा उडाला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. उणी बाजू: चहा, कॉफी आणि आपली हळद यांचे डाग कॉम्पोझिटवर बसतात, चकाकी उतरते, वर्षातून एकदा-दोनदा पॉलिश करावं लागतं. साधारण पाच-सात वर्षांत बदलायची तयारी ठेवा. लहान फट, तुटलेला कोपरा, बारीक राहिलेला बाजूचा दात आणि तरुण वय असेल तर मी पहिल्यांदा हेच सुचवते. इथे सगळं काही डॉक्टरांच्या हातावर असतं, म्हणून त्यांनी केलेल्या कामाचे दोन-तीन वर्षांनंतरचे फोटो मागा. काम झाल्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात.

लॅबमध्ये बनवलेलं कॉम्पोझिट व्हेनिअरही मिळतं. ते थेट लावलेल्यापेक्षा जरा टणक असतं, पण डागांची अडचण उरतेच.

फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन. लॅबमधला कारागीर ब्रशने थरावर थर देऊन हे हाताने घडवतो. ०.३ मिमीपर्यंत पातळ होतं. खऱ्या दाताची पारदर्शक कड, आतली दुधी छटा यात सर्वांत सुंदर उतरते. ताकद मात्र कमी. बोटावर ठेवलेलं व्हेनिअर पापडासारखं मोडतं. इनॅमलला चिकटल्यावर मात्र ते दाताचाच भाग झाल्यासारखं भार घेतं. म्हणून भरपूर इनॅमल शिल्लक, सौम्य बाईट आणि उत्तम कारागीर, या तिन्ही गोष्टी असतील तरच हे घ्या. यातली एक जरी नसेल तर नको.

लिथियम डायसिलिकेट. लोक ज्याला ई-मॅक्स म्हणतात ते हेच. ई-मॅक्स हे एका कंपनीचं ब्रँडनाव आहे. त्याच जातीचं मटेरिअल इतर कंपन्याही बनवतात. फेल्डस्पॅथिकपेक्षा हे कित्येक पट मजबूत आहे. वाकवून तोडण्याच्या चाचणीत फेल्डस्पॅथिक ६० ते १०० मेगापास्कलच्या आसपास तुटतं, तर हे ३६० ते ४०० पर्यंत तग धरतं. आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खडबडीत करता येतं, त्यामुळे चिकटतंही चांगलं. ०.३ ते ०.७ मिमी जाडीत बहुतेक कामं होतात. सर्वसाधारण बाईट, मध्यम रंगबदल, थोडी लांबी वाढवायची असेल तर बहुतेक पेशंटना मी हेच सुचवते. नीट चिकटवलेलं आणि नीट सांभाळलेलं सिरॅमिक दहा-पंधरा वर्षं सहज जातं.

झिरकोनिया. “सगळ्यात मजबूत तेच द्या” असं म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. झिरकोनिया खरंच मजबूत आहे, दाढांच्या कॅपसाठी (दात चोहोबाजूंनी झाकणाऱ्या टोपणासाठी) उत्तम आहे. पण व्हेनिअर टिकतं ते चिकटण्यावर. झिरकोनियात काच नसते, म्हणून वर सांगितलेलं ॲसिड त्यावर चालत नाही. वाळूचा मारा करून आणि खास प्रायमर लावून ते चिकटवतात. तरी इनॅमलवर काचेच्या जातीचं सिरॅमिक जसं बसतं त्याची सर येत नाही. मग घट्ट बसावं म्हणून दात जास्त घासून पकड दिली जाते, आणि बघता बघता व्हेनिअरची कॅप होते. शिवाय नव्या पारदर्शक झिरकोनियाची ताकद जुन्यापेक्षा कमी असते. दात फार गडद असेल आणि तो झाकायचाच असेल, अशा मोजक्या ठिकाणी मी झिरकोनियाचा विचार करते.

नो-प्रेप, म्हणजे न घासता. दात लहान असतील, थोडे आत झुकलेले असतील, मध्ये फटी असतील तर हे उत्तम. पण आधीच पुढे आलेल्या किंवा भरगच्च दातांवर न घासता थर चढवला तर ओठ फुगतो आणि हिरडीजवळ पायरी तयार होते. त्या पायरीवर अन्न अडकतं, हिरडी लाल होते. “घासणार नाही” हे आश्वासन ऐकायला गोड आहे, ते तुमच्या दातांना लागू आहे का हे मॉक-अपने सांगितलेलं असतं.

ऑनलाइन मिळणारे, दातांवर चेपून बसवायचे पांढरे कव्हर व्हेनिअर नाहीत. त्यांच्याखाली अन्न साचतं. ते लावून जेवू नका.

सावधान: व्हेनिअर सांगून कॅप. चार-पाच वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला, दुसऱ्या शहरात “व्हेनिअर्स” करून. एक्स-रे काढला तर वरचे आठही दात चोहोबाजूंनी पेन्सिलीसारखे तासलेले होते. त्यातल्या दोन दातांची नस मेली होती. मोजमाप केलेल्या अभ्यासांत समोरच्या दाताच्या पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला सुमारे ६३ ते ७२ टक्के भाग जातो, व्हेनिअरसाठी घासण्याच्या पद्धतीप्रमाणे ३ ते ३० टक्के. म्हणून थेट विचारा: “दाताची मागची बाजू घासणार का?” उत्तर हो असेल तर ते कॅपसारखं काम आहे, आणि त्याला वेगळं कारण हवं.

आणखी एक. लॅबकडून मिळणारं दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड त्या तुकड्यासाठी असतं. तुकडा नवा मिळेल. गेलेलं इनॅमल कोणी देत नाही.

## पायरी ७: रंग आणि दातांची संख्या

रंग कामाच्या सुरुवातीला ठरवायचा. तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडले की काही मिनिटांतच ते खऱ्यापेक्षा पांढरे दिसू लागतात. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मी एकदा काम संपल्यावर रंग पाहिला होता. आलेलं व्हेनिअर शेजारच्या दातापेक्षा उघड पांढरं दिसलं आणि ते मला पुन्हा करून द्यावं लागलं. तेव्हापासून पेशंट बसला की पहिलं काम शेड गाइड, म्हणजे दातांच्या छटांची पट्टी.

लिपस्टिक पुसा, भडक रंगाचे कपडे घालू नका, खुर्चीवरचा दिवा बंद करायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात बघा. नेहमीच्या शेड गाइडवर ए-१ पासून डी-४ पर्यंत सोळा छटा असतात, त्याहून पांढऱ्या ब्लीच छटा वेगळ्या. डोळ्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे असले की ते लांबूनच बनावट वाटतात, एवढं लक्षात ठेवा.

एकाच दाताचं व्हेनिअर शेजाऱ्याशी जुळवणं सगळ्यात अवघड. त्याला लॅबच्या दोन-तीन फेऱ्या लागल्या तर वैतागू नका. किती दात करायचे, हे पूर्ण हसल्यावर किती दिसतात त्यावर ठरवा. चार, सहा किंवा आठ असं पॅकेज म्हणून नव्हे.

## पायरी ८: होकार देण्याआधी लेखी घ्या

कागदावर हे असू द्या: कोणते दात, कोणतं मटेरिअल, घासण्याची अंदाजे खोली, मॉक-अप आणि तात्पुरत्या व्हेनिअर्सचा खर्च, तुटलं किंवा निघालं तर काय, नाइट गार्ड धरून एकूण रक्कम. मटेरिअलच्या पाकिटाचं लेबल किंवा लॅबची स्लिप शेवटी मागून घ्या. दहा वर्षांनी दुसरे डॉक्टर बदलायला बसले की हीच स्लिप उपयोगी पडते. डॉक्टरांचा दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो बघा. दातांचं काम ब्युटी पार्लरमध्ये करून घेऊ नका.

खर्च कमी ठेवायचा असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे चौकशी करा. वेळ जास्त लागतो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं.

लग्न डोळ्यांसमोर असेल तर उलटी मोजणी करा. हिरडी बरी व्हायला तीन आठवडे, ब्लिचिंगला दोन-तीन, मग दोन आठवड्यांची वाट, मॉक-अप आणि लॅबला तीन, आणि हातात थोडा मोकळा वेळ. म्हणजे मुहूर्ताच्या निदान तीन महिने आधी सुरुवात. तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी माझ्याकडे “पंधरा दिवसांत करा” म्हणणारे येतात. त्यांना मी सफाई आणि जमलंच तर न घासता कॉम्पोझिट करून देते. पंधरा दिवसांत घासून घेऊ नका.

## पायरी ९: घासण्याचा आणि बसवण्याचा दिवस

घासल्यानंतर लॅबमधून काम येईपर्यंत तात्पुरते व्हेनिअर्स असतात. त्या दिवसांत समोरच्या दातांनी काही तोडू नका, आणि हळदीची आमटी-भाजी जरा जपून. तात्पुरतं रेझिन दोन दिवसांत पिवळं पडतं. एखादं निघालं तर लगेच फोन करा.

बसवायच्या दिवशी आधी पाण्याने धुऊन जाणाऱ्या जेलने व्हेनिअर्स नुसते टेकवून दाखवतात. होकार किंवा नकार देण्याची हीच शेवटची संधी. उठा, उजेडात बघा, हसा, घरच्यांना दाखवा. मनात किंतु असेल तर परत लॅबला पाठवायला सांगा. सिमेंट एकदा पक्कं झालं की व्हेनिअर ड्रिलने कापूनच निघतं.

चिकटवताना दातांभोवती रबराचा पडदा लावतात का ते बघा. श्वासाची ओलही चिकटण्याला बाधते.

तपासा, घरी जाण्याआधी: प्रत्येक दोन दातांमधून फ्लॉस जातो का, न अडकता, न तुटता? जिभेला हिरडीजवळ खरखर लागते का? दात टेकवल्यावर एखादाच आधी टेकतो का? भूल असेल तर हे नीट कळत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा बाईट तपासून घ्या. आठवड्याने हिरडी दाखवायला जा.

## पायरी १०: नंतर

मऊ ब्रश, साधी पेस्ट, रोज फ्लॉस. कोळशाच्या पावडरी, खरखरीत मंजन, मिश्री बंद. कुठेही सफाईला गेलात की “समोर व्हेनिअर्स आहेत” हे आधी सांगा. अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक कडेवर फिरवू नये, आणि आम्लयुक्त फ्लोराइड जेलने सिरॅमिकची चकाकी जाते. चिक्की, कडक बुंदीचा लाडू, आवळा, पेरू, कणीस: तुकडे करून मागच्या दातांनी खा. नाइट गार्ड दिला असेल तर रोज रात्री लावा. तो डबीत राहिला तर काही कामाचा नाही.

व्हेनिअर अख्खं निघालं तर घाबरू नका आणि घरातल्या गोंदाने चिकटवू नका. तो गोंद आतल्या बाजूला बसला की तेच व्हेनिअर पुन्हा वापरणं फार अवघड होतं. तुकडा स्वच्छ पाण्याने धुवा, कापसात गुंडाळून छोट्या डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात घेऊन जा. जाताना लॅबची ती स्लिपही बरोबर न्या.